प्रवासी भूमी

पायांखालची जमीन स्थिर आहे, हा मनुष्याचा सर्वांत जुना विश्वास होय. नदी वाहते, वारा दिशा बदलतो, झाड वाढते आणि वठते. पण जमीन मात्र आजोबांच्या वेळी जेथे होती तेथेच नातवाच्या वेळीही असते. घर बांधावयाचे ते तिच्यावर आणि शेताचा बांध घालावयाचा तोही तिच्यावरच. पालघर जिल्ह्याच्या अगदी उत्तरेस, गुजरातच्या सीमेला लागून तलासरी तालुका आहे. तेथील आणि शेजारच्या डहाणू तालुक्यातील वारली लोक या भूमीला माता मानतात व तिला 'धरतरी' म्हणतात. आईच्या मांडीवर निर्धास्तपणे झोपावे, तसे पिढ्यान् पिढ्या ते तिच्यावर झोपत आले.

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात हा निर्धास्तपणा संपला. भातकापणी उरकत आली होती. खळ्यांजवळ भाऱ्यांच्या उडव्या रचल्या जात होत्या. अशा वेळी जमिनीच्या पोटात दूर कोठे सुरुंग उडावा तसा आवाज झाला, आणि पाठोपाठ भूमी हादरली. फळीवरची भांडी खणखणली, कौले सरकली, गुरे दावी ताणून उभी राहिली. एखादा धक्का बसता आणि थांबता, तर लोक तो विसरूनही गेले असते. पण धक्के थांबेनात. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा अशा गावांतून आणि आसपासच्या पाड्यांतून ते पुनःपुन्हा जाणवू लागले. १ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवशी अनेक हादरे बसले. त्यांपैकी सर्वांत मोठ्याचे मान ४.१ भरले. त्या दिवशी घराबाहेर धावण्याच्या गडबडीत पडून एका लहान मुलीला प्राण गमवावा लागला. पुढील काळात या भागात लहानमोठे मिळून हजारो धक्के यंत्रांनी नोंदविले. त्यांतील बहुतेक इतके सौम्य होते की ते फक्त यंत्रालाच कळले.

ऐन थंडीचे दिवस होते. लोकांनी घरे सोडली आणि अंगणात, शेतात, तंबूत किंवा ताडपत्रीच्या आडोशाला रात्री काढल्या. मुलांचे वर्गही काही ठिकाणी उघड्यावर भरले. दिवसा कामे होती, म्हणून भीतीचा विसर पडे. रात्र झाली की ती परत येई. घरात निजावे की बाहेर, हा प्रश्न रोज संध्याकाळी प्रत्येक कुटुंबापुढे उभा राही. त्याचे उत्तर कोणीही छातीठोकपणे देऊ शकत नव्हते. भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता होईल, हे सांगण्याची विद्या मनुष्याला अद्याप साध्य झालेली नाही. आणि तसे सांगणारा कोणी भेटलाच तर त्याच्यावर विश्वास न ठेवणे उत्तम.

कसले घर सुरक्षित, हे मात्र सांगता येते. वारल्यांचे जुने घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचे असते. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर माजणारे झुडूप. सात-आठ वर्षांतून एकदाच ते फुलते आणि तेव्हा सारा डोंगर जांभळा करून टाकते. तिच्या सरळ काठ्या विणून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिला, की भिंत तयार होते. असा कूड हलका व लवचिक असल्यामुळे धक्क्याबरोबर डोलतो, आणि पडलाच तरी माणूस सहसा त्याखाली चिरडत नाही. याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीला जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. त्या भूकंपाचे मान ६.२ होते. दोन अंकांचा हा फरक ऐकावयास लहान वाटतो. पण मानाचा एक अंक वाढला म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणून दोन अंकांनी ती हजारपट होते. तलासरीचे धक्के किल्लारीच्या मानाने किती लहान होते, हे यावरून ध्यानात येईल. जो माणूस तंबूत कुडकुडत बसला आहे त्याला या हिशेबाने ऊब येणार नाही, हेही तितकेच खरे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली. हे धक्के फार खोलवरचे नसून जमिनीखाली काही किलोमीटरांवरच उगम पावत होते, असे आढळले. ते का होतात, याविषयी निरनिराळी मते मांडली गेली. चार महिन्यांच्या पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथील दाब वाढविते आणि अडकून बसलेल्या कातळांना घसरावयास मदत करते, असे एक महत्त्वाचे मत आहे. पण पाणी हे फार तर निमित्त होय. भेगा आधीपासून असल्यावाचून ते मुरणार कोठून, आणि कातळ आधीपासून दाबले गेले असल्यावाचून ते घसरणार कसे? या भेगा कधीच्या, आणि हा दाब कोणाचा, हे जाणावयाचे तर तलासरीच्या शेताडीतला काळा दगडच हाती घेतला पाहिजे.

हा दगड सर्वांच्या ओळखीचा आहे. पाटा-वरवंटा, जाते, किल्ल्यांचे तट, वेरूळची लेणी हे सारे त्याचेच. त्याला बेसॉल्ट म्हणतात. तो एके काळी पातळ रस होता आणि जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून उकळत वर आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तो रस एकदाच आला नाही. एक लोट पसरावा, निवावा, त्यावर कित्येक वर्षांनी दुसरा यावा, असे लाखो वर्षे चालले. आजही त्या कातळाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर पायथ्यापासून माथ्यापर्यंत याच दगडाचे आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी जमिनीत खोल छिद्रे पाडली, तेव्हा सुमारे ९३० मीटर काळा कातळ संपल्यावर कोठे त्याखालचा जुना ग्रॅनाइट लागला.

सह्याद्रीच्या माथ्यावर हे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक आडवे दिसतात. घाट उतरून कोकणात, पनवेल-मुंबईच्या बाजूस यावे, तो तेच थर समुद्राकडे कललेले आढळतात. जणू कोणी वहीची कड धरून खाली वाकविली आहे. किनाऱ्याच्या या पट्ट्यात आणखी एक चमत्कार पाहावयास मिळतो. जुन्या भेगांत रस तसाच गोठून राहिला आणि त्याच्या उभ्या भिंती बनल्या. ठाणे व पालघर जिल्ह्यांत अशा कितीतरी भिंती उत्तर-दक्षिण धावताना दिसतात. एकाच दिशेने इतक्या भेगा पडल्या, यावरून ही भूमी त्या काळी पूर्व-पश्चिम ताणली जात होती, हे उघड होते. त्याच पट्ट्यात उन्हेरे आहेत. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. पालघरकडे सातिवली, हालोली, कोकनेर. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते. स्नान करणाऱ्या भाविकाला ठाऊक नसते. पण तो ज्या वाटेने आलेल्या पाण्यात उभा असतो, ती वाट कोट्यवधी वर्षांपूर्वी भूमी फाटली तेव्हाची असू शकते.

भूमीला ताणले कोणी? येथे आपल्याला तलासरीहून बरेच दूर जावे लागेल.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे नकाशात एकमेकांना जुळतात, हे पुष्कळांनी पाहिले होते. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ साली त्याचा अर्थ सांगितला: ही खंडे पूर्वी एकत्र होती आणि नंतर एकमेकांपासून दूर सरकली. त्या काळच्या बहुतेक विद्वानांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. खंडासारखी अवजड वस्तू हलविणारी शक्ती कोणती, याचे समाधानकारक उत्तर वेगेनरपाशी नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा अंत झाला. पुढे समुद्राच्या तळाचा शोध लागला आणि १९६० नंतरच्या दशकात त्याचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले. पृथ्वीचे कवच अखंड नाही. भाजताना तडकलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे त्याचे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. खालच्या तप्त, संथपणे हलणाऱ्या थरावर हे तुकडे वाहत असतात.

दक्षिणेकडील खंडे ज्या एका महाखंडात सामावली होती, त्याला शास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिले. आणि ते नाव आपल्याच देशातील गोंड लोकांच्या मुलखावरून आले आहे. विदर्भात चंद्रपूरकडे जो दगडी कोळसा निघतो, तो त्या महाखंडातील जंगलांचा. त्याच्या थरांत ग्लोसॉप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात. तसेच ठसे आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आहेत. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती बर्फात मरण पावले. काही महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलोग्रॅम दगड होते. अन्न संपले, पाय गोठले, तरी त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांवर त्याच पानांचे ठसे निघाले! जेथे आज गवताचे पातेही दुर्मिळ, तेथे एके काळी चंद्रपूरच्या जंगलाचे भाऊबंद उभे होते.

याउलट चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडीच्या कातळावर समांतर ओरखडे आहेत. असे ओरखडे हिमनदी सरकताना तिच्या तळाला अडकलेले धोंडे ओढतात. ज्या जिल्ह्यातला वैशाख माणसाला भाजून काढतो, त्या जिल्ह्यात सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाचे डोंगर सरकत होते. सूर्य बदलला म्हणून असे घडले नाही. आपली भूमी तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या आसपास होती.

तेथून ती निघाली. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर तिच्यापासून सुटला. पुढे ती हिंदी महासागरातील एका तप्त स्थळावर आली. पृथ्वीच्या खोल भागातून तेथे उष्ण द्रव्य वर येत असते. त्या वेळी महाराष्ट्रावर काळ्या रसाचे लोट पसरले. तप्त स्थळ जवळजवळ जागच्या जागी राहिले आणि भूमी पुढे सरकली. वाहत्या कापडाखाली मेणबत्ती धरली तर डागांची रांग उमटावी, तशी समुद्रात त्याची खूण उमटली. लक्षद्वीप व मालदीव या बेटांखालची डोंगररांग ती हीच. आज ते तप्त स्थळ रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथील ज्वालामुखी अजून जागा आहे. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २१ अंशांवर, तर तलासरी उत्तरेस सुमारे २० अंशांवर. शेतातला काळा दगड विषुववृत्त ओलांडून आला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

रसाचे लोट वाहत होते, त्याच सुमारास पश्चिमेकडे आणखी एक ताटातूट झाली. सेशेल्स नावाची ग्रॅनाइटची बेटे आज मुंबईपासून हजारो किलोमीटर दूर समुद्रात आहेत. ती तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेली होती. ती तुटताना भूमी ताणली गेली. किनाऱ्याकडचे थर वाकणे, उत्तर-दक्षिण भेगा पडणे, हे सारे त्या ताटातुटीशी निगडित आहे. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी आशियावर आदळली. हिमालय उंचावू लागला, आणि ताणाच्या जागी दाब आला. तो दाब आजही आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत असतो. म्हणजे तलासरीचा बारा वर्षांचा मुलगा जन्मापासून अंथरुणावर झोपल्या-झोपल्या सुमारे ६० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. पुढे हिमालयाची भिंत, मागून समुद्रतळाचा रेटा. अशा कात्रीत जुन्या भेगा कोठे ना कोठे कुरकुरतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला, १९९३ साली किल्लारीला, आणि २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूमी हलली, त्या प्रत्येकामागची तात्कालिक कारणे निरनिराळी असतील. पण मागचा मोठा दाब एकच.

भूमीचा प्रवास दगडांनी जसा लिहून ठेवला, तसा प्राण्यांनीही. उलट, प्राण्यांची साक्ष अधिक मनोरंजक आहे. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात २००३ साली एका जांभळ्या बेडकाचे शास्त्रीय वर्णन झाले. फुगलेले अंग, टोकदार तोंड, बारीक डोळे. देखणा म्हणावा असा तो मुळीच नाही. वर्षभर तो जमिनीखाली राहून वाळवी खातो आणि पहिल्या पावसात काही दिवसच वर येतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात सह्याद्रीचे नाव गुंफले आहे. त्याचे जवळचे नातलग शोधू गेले, तेव्हा ते ना केरळात सापडले, ना आशियात. ते निघाले सेशेल्स बेटांवरचे इवलेसे बेडूक! बेडकाची कातडी पातळ व ओलसर असते, आणि खारे पाणी बहुतेक बेडकांना मानवत नाही. हजारो किलोमीटरांचा समुद्र ओलांडून ते आले असतील, हे संभवत नाही. बेडूक हलले नाहीत, त्यांच्या खालची जमीन हलली. सह्याद्रीतील ओल्या मातीत राहणारे देवगांडूळ हीच साक्ष देते. दिसावयास ते गांडुळासारखे, पण त्याला पाठीचा कणा असतो आणि ते बेडकाच्या वर्गातले. खंडाळ्यासारख्या ठिकाणी जी एक जात आढळते, तिच्या कुळाचे भाऊबंद सेशेल्सवर आणि आफ्रिकेत आहेत.

लोट वाहत असताना बिचारे जीव जगले कसे, असा प्रश्न साहजिकच पडेल. दोन लोटांच्या मधल्या शांततेत खळग्यांतून पाणी साचे, तळी होत, आणि जीवसृष्टी परत येई. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच एका तळ्याच्या गाळात लहान बेडकांचे सांगाडे दगड होऊन राहिले होते. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ सालीच त्यांचे वर्णन केले.

तलासरीच्या उत्तरेस, सुरत जिल्ह्यात वस्तान येथे लिग्नाइटची खाण आहे. तेथे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांच्या राळेचे पिवळे, पारदर्शक खडे मिळाले, आणि त्या खड्यांत त्या काळच्या मुंग्या, माश्या, कोळी जसेच्या तसे अडकलेले आढळले. भारत आशियाला भिडण्याच्या सुमाराचे ते कीटक. इतकी वर्षे भारत समुद्रात एकटा होता, तेव्हा त्याचे कीटक जगावेगळे असावेत, असे वाटले होते. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची नाती दूरदूरच्या खंडांतील कीटकांशी जुळली. तेव्हा तो एकटेपणा वाटला तितका कडक नव्हता. मधल्या बेटांवरून येणे-जाणे चालू असावे. शास्त्रात असे पुष्कळदा होते. एका सुंदर कल्पनेला एक लहानशी माशी सुधारून टाकते! ती राळ ज्या झाडांची, ती शालवृक्षाच्या कुळातली. आज त्या कुळाची घनदाट अरण्ये मलाया-बोर्निओकडे आहेत.

टक्कर झाल्यावर वाट खुली झाली. वाघ, बिबट्या, हरणे, माकडे यांचे पूर्वज उत्तरेकडून व पूर्वेकडून आले आणि येथलेच होऊन गेले. हिमालय उंच झाला तसे मोसमी वाऱ्यांचेही बळ वाढले. सह्याद्रीने त्यांना अडविले. त्याच्या पश्चिमेस चिंब अरण्ये राहिली आणि पूर्वेस कोरडी माळराने पसरली. भूमीच्या हालचालीने हवामान घडविले, आणि कोणी कोठे राहावे हे हवामानाने ठरविले. या गोष्टी फार सावकाश घडल्या, हे विसरता कामा नये. काळ्या रसाच्या दिवसापासून आजपर्यंतचा काळ एक अहोरात्र मानला, तर आपल्यासारखा मनुष्य त्यातील शेवटच्या सहा-साडेसहा मिनिटांत आला. हवामान याहूनही झपाट्याने बदलू शकते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर इतके पाणी बर्फ होऊन बसले होते की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. डहाणूसमोरचा समुद्रतळ फार रुंद व उथळ आहे. त्यामुळे जेथे आज होड्या मासेमारी करतात तेथे तेव्हा मैलोगणती कोरडी जमीन होती, आणि किनारा पश्चिमेस फार दूर होता.

मात्र दूर देशीचे झाड दिसले की ते गोंडवनातून आले, असे समजण्याची घाई करू नये. वसईकडे आणि मुंबईत गोरखचिंचेचे फुगीर बुंध्याचे वृक्ष आहेत. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. दोन्हीकडे तीच जात पाहून कोणाला भूमीच्या प्रवासाची आठवण होईल. पण ताटातूट इतकी जुनी असती तर दोन्हीकडच्या झाडांत पुष्कळ अंतर पडले असते. ती माणसांनी, बहुधा व्यापाऱ्यांनी आणली. डहाणू-घोलवडच्या बागांतील चिकूचेही तेच. त्याचे मूळ मध्य अमेरिकेत. तो कोणत्याही खंडावर बसून आला नाही. जहाजाने आला, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी विषुववृत्तापलीकडे ओतल्या गेलेल्या काळ्या दगडाच्या मातीत त्याने मुळे धरली.